मनगटी घड्याळांचा संग्रह, कोकण किनाऱ्यावरील
मनगटी घड्याळांचा संग्रह, कोकण किनाऱ्यावरील : साधारण १९४० ते १९८० या काळातील उंची, बहुधा स्विस बनावटीची, चावीची वा स्वयंचलित मनगटी घड्याळे मिळवून, दुरुस्त करून जपण्याचा छंद. येथील घड्याळ बहुधा घरातच सापडते : आजोबांच्या ट्रंकेत, कपाटाच्या चोरकप्प्यात, पट्टा कुजलेला आणि काच पिवळी पडलेली.

ही घड्याळे किनाऱ्यावर कोठून आली, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते मूळ मुंबईच्या पेढ्यांत आहे. फाव्र-लूबा (बोलीत ‘फेवर लुबा’) या स्विस कंपनीचा हिंदुस्थानशी व्यापार १८६५ पासूनचा मानतात. वेस्ट एंड वॉच कंपनीचा जम मुंबईत बहुधा १८८० च्या दशकात बसू लागला. तिच्या ‘सोवार’ या घड्याळाच्या नावात आपला ‘स्वार’च आहे. दुसरा पक्ष खलाशांचा. रत्नागिरीकडची माणसे एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश आगबोटींवर होती. दोन्ही मते जुन्या नगांपुरती ठीक. मात्र आज घरोघरी निघणारी घड्याळे पाहता १९७३ च्या तेल दरवाढीनंतर आखातात गेलेल्यांचा वाटा मोठा असावा. लग्नात जावयाला अंगठी-घड्याळ देण्याच्या रीतीने या घड्याळांना घरात मानाची जागा दिली.

आखाती घड्याळांत ‘राडो’ या स्विस कंपनीची ओळख ठळक. तिचे १९६२ चे डायस्टार हे टंगस्टन कार्बाइडच्या कठीण कवचामुळे ओरखड्यांना दाद देत नाही. तबकडीवरचा जहाजाचा छोटा नांगर माणकावर टेकलेला असून घड्याळ हलवले की मोकळा झुलतो. तो अडला की आतले तेल सुकले, साफसफाई हवी, असे मानण्याचा प्रघात आहे.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचाही नामोल्लेख आहे : चोरटा माल असल्याच्या वाजवी संशयाने ती जप्त झाल्यास, तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर पडतो. असे असूनही मूळ पावती वा डबी जपलेला नग विरळाच. परदेशी लिलावांत कागदपत्रांना जे मोल मिळते, ते येथे घरच्यांच्या आठवणीवर भागवावे लागते.

तबकडीचा रंग हा मुख्य वादविषय. काळी तबकडी कालांतराने तपकिरी होते, तिला संग्राहक ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि जास्त दाम मोजतात. नावावरून हा उष्ण प्रदेशातील उन्हाचा परिणाम वाटतो. परंतु थंड देशांत वापरलेल्या नगांतही तो दिसतो. म्हणून रंगाच्या वा लाखेच्या थरातील मूळ दोष हे कारण आणि ऊन हे निमित्त, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कोकणात दिसणारी विकृती बरीचशी निराळी आहे : लाखेला फोड, कडेने हिरवट डाग, काट्यांवर गंज. हा दमट, खाऱ्या हवेचा प्रताप. त्याला ‘ट्रॉपिकल’ म्हणून विकणे ही शुद्ध व्यापारी चलाखी होय.

अशा तबकड्या पुन्हा रंगवून घेण्याची सवय जुनी. परदेशी संग्राहक रंगवलेल्या नगांना कुत्सितपणे ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुगीर दिसतात, सहाच्या खालची ‘स्विस मेड’ ही बारीक ओळ वाकडी असते किंवा नसतेच, आणि मिनिटांच्या रेघा कडेला नीट भिडत नाहीत. तबकडी खराब असली तरी मूळची असावी, हा विचार या भागात अलीकडचा. घड्याळ ‘नव्यासारखे’ करून देणे हीच घड्याळजीच्या हाताची कसोटी समजली जाई.

जतनात मुख्य अडचण पावसाळ्याची. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. मागच्या झाकणाखालची रबरी रिंग वाळली की झाकणावाटे ओल शिरते, चावीच्या खुंटीवाटेही ती जाते, म्हणून ‘वॉटरप्रूफ’ या कोरीव शब्दावर विसंबू नये. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात व त्या वेळोवेळी बदलतात.

अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांत, विशेषतः १९६० पूर्वीच्या, किरणोत्सर्गी रेडियम असू शकते. चमक विझते ती चमक देणारे जस्त सल्फाइड निकामी झाल्यामुळे. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग चालूच राहतो. असे आकडे खरवडू नयेत, त्यांची भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये.