खान्देशी घराची ओसरी नेमकी कोणत्या काळची?

जुन्या घराची पडलेली ओसरी पूर्वीसारखी बांधून घ्यायची म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुण्याच्या वाड्यांतले सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरीव खांब, महिरपी आणि लाकडात कोरलेली केळफुले उभी राहतात. खान्देशातील घरांचा इतिहास मात्र वेगळा आहे. येथील एकाच घराच्या दर्शनी भागावर दोन-तीन काळांचे थर सापडतात, त्यामुळे पुनर्बांधणीपूर्वी त्यांतला कोणता थर परत आणायचा हे ठरवावे लागते.

यांतील सर्वांत जुना थर धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराचा. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील सपाटीवर पाऊस बेताचा, साधारण 600 ते 750 मिलिमीटर पडतो आणि उन्हाळा कडक असतो. म्हणून सातपुड्यालगतच्या व नवापूरकडील उतरत्या छपरांऐवजी सपाटीवर मातीचे सपाट छत रूढ झाले. धाब्याच्या ओसरीत दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीवर) सागाचा किंवा कडुनिंबाचा खांब, खांबावर तुळई, तुळईवर जवळजवळ टाकलेल्या कड्या (आडवी बारीक लाकडे), त्यांवर फळ्या अथवा काटक्या, मग पाल्याचा थर आणि वर चोपून बसवलेली माती अशी रचना असते. पावसाळ्यापूर्वी वरून पांढरी खारी माती पसरली जाई. तिच्यातील क्षारांमुळे चिकणमातीचे कण ओले होताच सुटे होऊन बारीक भेगा बुजवतात आणि पाणी खाली उतरत नाही. वीतभर जाडीच्या मातीचा भार दर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास जातो. धाब्याचे खांब जाड, आखूड आणि जवळजवळ असतात ते या भारामुळे. त्यांचा ठेंगणेपणा ही कारागिराची उणीव नव्हे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून 1818 पर्यंत खान्देशाने लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि 1803-04 चा दुष्काळ सोसला. अशा काळात सधन घर रस्त्याकडे भिंत आणि भक्कम दरवाजा दाखवी. ओसरी आतल्या चौकाकडे उघडत असे. इंग्रजी अंमल आल्यावर 1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्यात घरे बांधण्यासाठी बिनसाऱ्याच्या जागा दिल्या आणि बऱ्हाणपूर व इतर ठिकाणांहून व्यापारी व कारागीर बोलावले. पेठेतल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक समोर हवे होते, त्यामुळे ओटा आणि ओसरी रस्त्याकडे तोंड करून उभी राहणे स्वाभाविकच होते. गुजरातशी असलेल्या व्यापारी संबंधांचा ठसाही येथील दर्शनी लाकूडकामावर दिसतो. अशा घरावर निव्वळ पेशवाई नमुना चढवणे म्हणजे, माझ्या मते, दुसऱ्या भागाचा इतिहास उसना घेणे होय.

पुढचा मोठा बदल कापसाने आणि रेल्वेने घडवला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव कडाडले, त्याच दशकात मुंबईहून येणारा लोहमार्ग भुसावळमार्गे खान्देशातून गेला, आणि हाती आलेला पैसा घरांत उतरला. 1872 मध्ये गिरणा व पांझरा यांना आलेल्या महापुराने नदीकाठची पुष्कळ घरे वाहून नेली. तेथील बांधकाम त्यानंतर नव्याने करावे लागले. रेल्वेबरोबर पन्हळी पत्रे, मंगळुरी कौले आणि ओतीव लोखंडाचे कठडे आले. पत्र्याचा भार दर चौरस मीटरला दहा किलोही भरत नाही. परिणामी याच काळातले खांब सडपातळ झाले, त्यांच्यातील अंतर वाढले आणि ओसरीच्या कडेला लाकडी झालर लागली. दुसरीकडे 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांतून साग आणण्यावर बंधने वाढत गेली, त्यामुळे अखंड सागाचे जाड खांब पूर्वीइतके सहज मिळेनात.

हे दोन थर एकमेकांत मिसळले तर केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. पत्र्याच्या काळातील बारीक खांबांवर हौसेने धाबे चढवले तर ते पेलणार नाहीत, आणि धाब्याचे जाडजूड खांब पत्र्याखाली विनाकारण अवजड दिसतील. उत्तर बहुधा घरातच असते. उरलेल्या भिंतीवर कड्यांची टोके शिरलेल्या चौकोनी खाचा बुजवलेल्या सापडतात. त्या वीत-दीड वीत अंतरावर असतील तर वर धाबे होते असे समजावे, आणि त्यांच्या वरच्या बाजूला तिरकी रेघ व खिळ्यांची भोके असतील तर नंतर पत्रा आला. चुन्याच्या हातांचे थर हलक्या हाताने खरवडले, तर कोणती खूण आधीची तेही कळते. मातीच्या भिंतीवर मागाहून सिमेंटचा गिलावा झाला असेल, तर ओल आत कोंडून कड्यांची टोके कुजलेली आढळतात. तेथे नवे लाकूड घालण्यापूर्वी तो गिलावा काढणे भाग आहे.

ओट्याची गोष्ट निराळी आहे. 1901 च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात रस्त्याची नियमित रेषा ठरवण्याची तरतूद होती, आणि पुढे रस्तारुंदीत पेठांमधील बरेच ओटे कापले गेले. म्हणून मूळ तळखडे कधी कधी आजच्या गटाराच्या पलीकडे निघतात. ओसरी मूळ रुंदीची करायची असेल, तर सुताराला बोलावण्याआधी नगररचना विभागातून मालमत्तेची हद्द तपासून घ्यावी लागते. हद्द आत सरकलेली असल्यास खांबांची ओळ मागे घ्यावी, पण दोन खांबांमधील जुने अंतर तेवढेच ठेवावे.