विश्रामबागवाडा

पुण्यातील थोरले बाजीराव रस्त्यावर असलेला पेशवेकालीन राजवाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो निवासासाठी बांधविला. शनिवारवाड्याऐवजी तो येथे राहणे पसंत करी.

बांधकामाचा काळ सर्वसाधारणपणे १८०७ सांगितला जातो. मात्र हे वर्ष आरंभाचे की पूर्ततेचे, यावर एकमत नाही. जागा हरिपंत भावे यांच्याकडून घेतली व कामाला सुमारे सहा वर्षे लागली, असे सांगतात. इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहानंतर (डिसेंबर १८०२) बाजीराव मे १८०३ मध्ये पुण्यात परतला. त्यापूर्वीच्या धामधुमीत असे काम हाती घेतले जाणे अवघडच. हे ध्यानी घेता १८०३ ते १८०९ हा पल्ला अधिक ग्राह्य वाटतो. खर्चाचा प्रचलित आकडा दोन लाख रुपये आहे.

वाड्याची ख्याती सागवानी कामाची. दगडी तळखड्यांवर (खांबाखालच्या बैठकींवर) उभे असलेले सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी, केळफुलांची नक्षी आणि रस्त्याकडे झुकलेला सज्जा ही त्याची ठळक अंगे होत. सुरूदार खांबांवर मोगल वळणाची छाप आहे. उत्तर पेशवाईतील इतर वाड्यांतही ते आढळतात. मात्र १८७९ च्या मे महिन्यात लागलेल्या आगीत पूर्वेकडील भाग जळाला व नंतर लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या साहाय्याने तो पुन्हा उभारला गेला. त्यामुळे आज दिसणारे सगळेच लाकूडकाम बाजीरावाच्या काळचे मानणे धाडसाचे ठरेल. त्याच रात्री पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवारवाडाही जळाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस असल्याने आगीची सांगड बंडाशी घातली गेली.

पेशवाई संपल्यावर वाडा सरकारजमा झाला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी येथे संस्कृत पाठशाळा (हिंदू कॉलेज) सुरू झाली. तिचा खर्च पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून (विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्यासाठीच्या पैशातून) होई. म्हणजे वाडाही पेशव्यांचा आणि पैसाही त्यांच्याच परंपरेचा. याच संस्थेचे पुढे पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. वाड्यात सरकारी हायस्कूलही भरे. विसाव्या शतकात नगरपालिकेचे, व १९५० नंतर महानगरपालिकेचे, कार्यालय काही दशके येथेच होते. ते शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेल्यावर टपाल कार्यालय, शासकीय ग्रंथालय व पुण्याच्या इतिहासाचे ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे प्रदर्शन यांनी वाड्याचा काही भाग व्यापला.