जेसीबी की पोकलेन? ब्लाइंड बॉक्समधल्या पिवळ्या गाडीची नीट ओळख

ब्लाइंड बॉक्समधून, म्हणजे आत काय आहे ते फोडल्याशिवाय न कळणाऱ्या खोक्यातून, निघणाऱ्या बांधकामाच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांत सगळ्यात जास्त गोंधळ एकाच गाडीवरून होतो. तळहातावर मावणारी, पिवळी, पुढे लांब हात आणि हाताच्या टोकाला दातेरी बकेट. तुकडे जोडून गाडी उभी राहिली की सांगली-साताऱ्याकडच्या घरात हमखास आवाज येतो, "जेसीबी झाला की रं!" पण हातात असतं पोकलेन.

फरक पडतो का? या खेळण्यापुरता तर फारच पडतो. ही दोन यंत्रं वेगळी ओळखता आली की आपण नेमकं काय जोडतोय ते कळतं, खोक्यावरच्या चित्रांत कोणती गाडी नाही ते कळतं, आणि तीच गाडी दुसऱ्यांदा निघाली तर तिचं काय करायचं तेही सुचतं.

ओळखायला रंग उपयोगाचा नाही. खरी पोकलेन पिवळी असतात तशी नारिंगीही असतात, आणि खेळण्यात तर रोलरपासून मिक्सरपर्यंत सगळंच पिवळं. बकेटवरूनही नीट कळत नाही. गाडी कुठून वळते ते बघायचं. पोकलेनचा वरचा अख्खा भाग, म्हणजे केबिन, इंजिन, हात आणि तोल सांभाळायला मागे ठेवलेलं वजन, हे सगळं खालच्या चेनवर, म्हणजे चाकांऐवजी असलेल्या लोखंडी पट्ट्यांवर, एकत्र फिरतं. पूर्ण ३६० अंश, आणि थांबायची गरज नाही, पाहिजे तितक्या फेऱ्या. जेसीबीची केबिन जागची हलत नाही. त्याचा फक्त मागचा हात डावी-उजवीकडे वळतो, साधारण अर्धं वर्तुळ. शिवाय जेसीबीला पुढच्या बाजूला दुसरं रुंद बकेट असतं, ज्याला आपण लोडर म्हणतो. पोकलेनला पुढे-मागे अशी दोन कामंच नाहीत, जिकडे हात तिकडे पुढचं.

पोटात काय चालतं ते पाहिलं की हा फरक कायमचा लक्षात राहतो. पोकलेनच्या केबिनखाली मोठी दातेरी कडी बसवलेली असते आणि हायड्रॉलिक मोटरचं छोटं चाक तिच्या दात्यांवर चालतं. इंजिन आणि पंप वर, चेन फिरवणाऱ्या मोटरी मात्र खाली. तेलाचे पाइप वरून खाली सरळ नेले असते तर दोन-चार फेऱ्यांतच पिळून तुटले असते. म्हणून बरोबर मधोमध एक फिरता सांधा असतो. वरचं धड कितीही फिरलं तरी त्या सांध्यातून तेल खाली पोचत राहतं. मला स्वतःला या अख्ख्या यंत्रातली ही सगळ्यात देखणी जागा वाटते, आणि ती बाहेरून कधीच दिसत नाही.

जेसीबीत हे काहीच नसतं. मागच्या चौकटीवर एक उभा सांधा, त्याला हात लावलेला, आणि बाजूला दोन सिलिंडर. एक ढकलतो, दुसरा ओढतो. सिलिंडरची दांडी जितकी बाहेर येणार तितकंच वळण मिळणार, त्यामुळे हाताला गोल फेरी मारता येत नाही. खोदताना मागचे दोन जॅक जमिनीवर टेकवायचे, पुढचं बकेट खाली दाबायचं, आणि ऑपरेटरने खुर्चीसकट मागे तोंड करून बसायचं. पोकलेनला जॅक लागत नाहीत, रुंद चेन आणि मागचं वजन तोल धरतात.

यावरूनच दोघांची कामं ठरतात. आपल्याकडे सर्रास दिसणारा थ्रीडीएक्स हा जेसीबी साडेसात टनांच्या आसपास असतो, चार टायरांवर, आणि रस्त्याने ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पळतो. सकाळी वाळव्याकडे उसाच्या रानात पाइपलाइनची चारी मारायची, दुपारी शेजारच्या गावात घराचा पाया, संध्याकाळी ट्रॉलीत मुरूम भरून द्यायचा, असा त्याचा दिवस जातो. वीस टनांचं पोकलेन मात्र ताशी पाच किलोमीटरच्या आसपास सरकतं, म्हणून ते ट्रेलरवर बसून येतं आणि आलं की मुक्कामच करतं. शेततळं, ओढ्याचं खोलीकरण, विहिरीचा वरचा मुरूम. जेसीबीचा हात पावणेपाच मीटरपर्यंत खाली जातो, या वजनाच्या पोकलेनचा साडेसहाच्या आसपास. २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवण्याच्या कामाची स्पर्धा राज्यात पहिल्यांदा झाली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत साताऱ्यातलं कोरेगाव होतं, आणि पहिला नंबर कोरेगावातल्याच वेळू गावाने काढला. तिथे कुदळ-फावड्याने श्रमदान झालं तसं यंत्रांचंही काम झालं. माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडची पोरं ही दोन्ही यंत्रं चित्रात बघण्याआधी बांधावर उभं राहून बघतात.

नावं दोन्ही कंपन्यांचीच. जेसीबी म्हणजे इंग्लंडचे जोसेफ सिरिल बॅमफर्ड, त्यांनी १९४५ मध्ये कंपनी काढली. पोक्लेन ही १९२७ ची फ्रेंच कंपनी, तिची यंत्रं लार्सन अँड टुब्रोमार्फत भारतात बनली आणि नाव राहिलं. आज पोकलेन म्हणताना समोरचं यंत्र टाटा हिताचीचं असतं किंवा कोमात्सूचं, आणि कुणाचं काही अडत नाही.

आता छोट्या गाड्यांकडे येऊ. ब्लाइंड बॉक्सवर त्या मालिकेतल्या सगळ्या गाड्यांची चित्रं असतात, आत कोणती आहे ते खोकं फोडल्याशिवाय कळत नाही. आत प्लॅस्टिकच्या तुकड्यांची पिशवी आणि घडी घातलेला जोडणीचा नकाशा. लेगोने २०१० मध्ये छोटी माणसं अशीच बंद पिशवीतून विकायला सुरुवात केली तेव्हा शौकीन लोक पिशवी चाचपून आतली टोपी नाहीतर तलवार ओळखायचे. २०२३ पासून तिथेही पुठ्ठ्याचं खोकं आलं आणि चाचपणं संपलं. गाड्यांच्या खोक्यांत तर हलवून बघण्यातही अर्थ नाही, सगळ्यांत तसेच तुकडे तसेच खुळखुळतात.

एवढ्या थोड्या तुकड्यांत पोकलेन फार छान जमतं. एक फिरती चकती, तिच्यावर केबिन, पुढे तीन बिजागऱ्यांचा हात, खाली दोन पट्टे. तेल नाही, पंप नाही, बिजागरीतल्या घर्षणावर हात हवेत थांबतो, पण वळतं ते खऱ्यासारखंच, मधोमध. जोडणाऱ्याला ती चकती बसवतानाच समजून जातं की हे यंत्र इथून फिरतं. जेसीबीला मात्र पुढचा लोडर, मागचा हात, जॅक, लहान-मोठी चाकं आणि फिरती खुर्ची हे सगळं लागतं. मूठभर तुकड्यांत ते बसवायचं तर काहीतरी सोडावं लागतं, आणि बहुतेक वेळा मागच्या हाताचं वळणच सोडलं जातं.

माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मालिकांत जेसीबी नसतोच. पोकलेन असतं, बुलडोझर, डंपर, मिक्सर, क्रेन, रोलर आणि चार चाकांचा नुसता लोडर असतो. ही खेळणी प्रामुख्याने चीनमध्ये तयार होतात, आणि तिथल्या बांधकामावर पोकलेन आणि लोडर ही दोन वेगळी यंत्रं लागतात. दोन्ही कामं एकाच गाडीत करणाऱ्या यंत्राची जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ भारत आहे. म्हणजे आपल्या पोरांनी रोज पाहिलेली गाडी मालिकेत नाही, तिच्यासारखी दिसणारी आहे, म्हणून तिलाच जेसीबी म्हटलं जातं. यात पोरांची काही चूक नाही.

आणि इथेच या खेळण्याची खरी गंमत सुरू होते. बाहुल्यांच्या ब्लाइंड बॉक्समध्ये तीच बाहुली दोनदा निघाली की ती कुणाला तरी द्यायची किंवा कपाटात ठेवायची. जोडायच्या गाडीचं तसं नसतं. दुसरं पोकलेन निघालं तर ते उलगडलं की पुन्हा तुकडेच हातात येतात, म्हणजे दुसरा हात, दुसरी चकती, आणखी बिजागऱ्या. शौकीन लोकांना दुबार गाडीचं वाईट का वाटत नाही याचं उत्तर हेच आहे. काही मालिकांत सगळ्या गाड्या जोडून एक मोठं यंत्र होतं अशी सोयही असते, पण मला त्यापेक्षा नकाशात नसलेली गाडी बनवणं जास्त मोलाचं वाटतं.

छोट्या गाड्यांच्या शौकाला रस्त्याच्या यंत्रांचं वेड मुळापासून आहे. पुढे मॅचबॉक्स काढणाऱ्या लेस्नी कंपनीची १९४८ मधली पहिली खेळण्यातली गाडी रोड रोलर होती, आणि १९५३ मध्ये मॅचबॉक्स मालिका सुरू झाली तेव्हा पहिल्या नंबरची गाडीही रोलरच. त्याच १९५३ मध्ये बॅमफर्ड यांनी ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे हायड्रॉलिक हात लावून आपलं पहिलं दोन्हीकडून काम करणारं यंत्र उभं केलं. म्हणजे खरा जेसीबीसुद्धा दोन वेगळ्या गोष्टी एका गाडीवर जोडूनच झालेला आहे. लोडर आणि दुबार पोकलेन घेऊन बसलेलं पोरगं तेच करत असतं.

बनवण्याआधी खरेदीचं थोडं. नशिबावर खोकी घेत राहणं लहान मुलांच्या बाबतीत मला पटत नाही. चीनने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत आठ वर्षांखालच्या मुलांना ब्लाइंड बॉक्स विकू नये असं म्हटलंय, आणि घरात हाच नियम पाळायला हरकत नाही. बऱ्याच मालिकांच्या पूर्ण पेटीत प्रत्येक गाडी एकेक असते. पेटीवर तसं लिहिलेलं असेल तर चार-पाच घरांनी वर्गणी काढून पेटीच घ्यावी, मुलांनी खोकी वाटून घ्यावी आणि अदलाबदल करावी. खोकं फोडायची उत्सुकता तेवढीच राहते आणि पैसे वाया जात नाहीत. खोक्यावर आयएसआयची खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना ती बंधनकारक आहे. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर हे तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका.

दोन मालिकांचे तुकडे एकत्र करायचे असतील तर आधी आकार पाहा. नेहमीच्या ठोकळ्यांवर दोन गोल उंचवट्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं, नॅनोब्लॉकसारख्या बारीक ठोकळ्यांत ते ४ असतं. हे एकमेकांत बसत नाहीत, जोर केला तर तुकडा फुटतो.

आता लोडर आणि दुबार पोकलेनच्या तुकड्यांतून जेसीबी बनवू. लोडर हा पाया धरा, कारण चाकं आणि पुढचं बकेट तयार मिळतं. मोठी चाकं कुठे शिल्लक असतील तर ती मागे लावा. दुबार पोकलेनचा हात काढा, पण त्याची फिरती चकती वापरायचा मोह टाळा. चकती लावली की हात गोल फिरतो आणि गाडी पुन्हा पोकलेनच्या वळणावर जाते. मागच्या कडेवर एकच बिजागरी उभी लावा म्हणजे हात डावी-उजवीकडे जाईल आणि दोन्ही बाजूंना अडेल. तिच्या शेजारी दोन बिजागऱ्या खाली दुमडणाऱ्या लावल्या की जॅक झाले. खुर्ची एकाच उंचवट्यावर बसवा म्हणजे ऑपरेटरला तोंड फिरवता येईल.

बकेट लावताना बहुतेक जण चुकतात. पुढच्या बकेटचं तोंड गाडीपासून दूर उघडतं, मागच्या बकेटचं तोंड गाडीकडे असतं, कारण ते माती स्वतःकडे ओढून काढतं. शेवटी मागचा हात दुमडून बघा. तो केबिनला टेकत असेल तर मधल्या दांड्यातला एक तुकडा कमी करा, नाहीतर हा जेसीबी रस्त्याने जाऊ शकणार नाही.