काचा बाहेर पडल्या, म्हणून चोरी खोटी?

ऐरोली असो वा कोपरखैरणे, सोसायटीत घरफोडी झाली की पोलिसांच्या आधी गेटवरचा पंचनामा उरकलेला असतो. त्यातला हुकमी मुद्दा हा: "अहो, काचा बाहेर पडल्यात. म्हणजे आतूनच फोडली. विम्यासाठी केलेला बनाव, दुसरं काय!" ऐकायला बिनतोड. पण काच तशी वागत नाही.

बाहेरून फटका बसला की काच आधी आत वाकते, मग फुटते आणि ताण सुटताच उसळी घेते. त्यामुळे बरेचसे तुकडे आत पडले तरी काही, विशेषतः बारीक कण, उलटे मारणाऱ्याच्याच अंगावर उडतात. संशयिताचे कपडे आणि केस तपासतात ते या कणांसाठीच. शिवाय चौकटीत अडकलेले तुकडे हाताला लागू नयेत म्हणून चोर स्वतःच ते ओढून बाहेर टाकू शकतो.

पुरावा असतो तो तुकड्याच्या कडेत. काच दाब बराच सोसते, ताण मात्र फारसा नाही. बाहेरून धक्का बसला की आतली बाजू ताणली जाते आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरणाऱ्या चिरा तिथूनच सुरू होतात. अशा चिरेची कड भिंगाखाली धरली तर काचेच्या जाडीत कमानदार रेषा दिसतात. एका पृष्ठभागाला त्या काटकोनात भिडतात, दुसऱ्याकडे वळताना जवळजवळ समांतर होतात. काटकोन ज्या बाजूला, फटका त्याच्या विरुद्ध बाजूने.

यात एक गोम आहे. हे आरे जोडणाऱ्या गोलाकार चिराही पडतात आणि त्यांचं गणित नेमकं उलटं. म्हणून तुकडे जुळवून कुठली कड कुठल्या चिरेची ते आधी ठरवावं लागतं. तुकड्याची बाहेरची बाजू कोणती, हे ओळखायला आपली ठाणे-बेलापूर रोडची धूळ कामी येते: बाहेर पावसाने ओघळलेला मळ, आत फोडणीचा तेलकट थर. टफन्ड काचेचे मात्र बारीक खडे होतात, तिथे हा नियम लावता येत नाही.

बनाव होतच नाहीत असं नव्हे. कपाटातले कपडे जमिनीवर आणि काचा त्यांच्या वर सांडलेल्या असतील, तर उचकापाचक आधी झाली, खिडकी नंतर फुटली. इथे शंकेला जागा आहे. पण कुणी काका "बघू तरी" म्हणत कपडे झटकतात आणि तो क्रम कायमचा जातो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. त्यासाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. चोरीसाठी रात्री केलेली घरफोडी त्यात बसते. मात्र तज्ज्ञ पोहोचण्याआधी कुणी झाडू फिरवून काचा डब्यात भरल्या, तर त्यांना जुळवायला फारसं काही उरत नाही.