डबा की हात? पाळणाघरातले साल्मोनेला आणि शिगेला

पाळणाघरात एका पोराला जुलाब लागले की पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "काल खायला काय दिलं होतं?" जुलाबांमागे साल्मोनेला नावाचा जंतू असेल तर प्रश्न बरोबर आहे. शिगेला हा दुसरा जंतू असेल तर बहुतेक वेळा उगाच स्वयंपाकीणबाईंवर आळ येतो.

ताप, पोटात मुरडा आणि जुलाब दोन्हींत असतात, रक्तही दोन्हींत पडू शकतं. कुंथून कुंथून थोडी थोडी शी, तीही आव-रक्ताची, असं असलं की शिगेलाचा संशय जास्त. पण नक्की सांगायचं तर शौचाची तपासणीच हवी.

साल्मोनेला मुळात कोंबड्या-जनावरांच्या आतड्यातला. कच्चं अंडं, अर्धवट शिजलेलं चिकन, किंवा चिकन कापलेल्या सुरीनेच चिरलेली काकडी. आजारी पाडायला त्याला सहसा मोठी फौज लागते, आणि ती उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिलेल्या अन्नात आयती तयार होते. मग तोच पदार्थ खाल्लेली पाच-सहा मुलं दिवसा-दोन दिवसांत एकदमच आडवी होतात. (टायफॉइडचा जंतूही याच कुळातला, पण तो माणसातच राहतो, त्याची गोष्ट वेगळी.)

शिगेला १८९७ साली जपानच्या कियोशी शिगा यांनी शोधला. याचं बिऱ्हाड माणसातच, आणि याला १० ते १०० जंतूही पुरतात. मावशी घाईत डायपर बदलतात, हात नुसते पाण्याखाली धरतात आणि वरणभात कालवायला बसतात. झालं! किंवा नुकतंच 'शी आली' सांगायला शिकलेलं पोर बरबटलेल्या हाताने नळ सोडतं, साबण लावून हात स्वच्छ धुतं, आणि त्याच नळाला हात लावून तो बंद करतं. इथे मुलं एकदम आजारी पडत नाहीत. आज एक, परवा दुसरं, मग घरचं धाकटं भावंड, मग आई.

ओआरएस दोन्हींत हवंच. अँटिबायोटिकचं मात्र तसं नाही. साल्मोनेलाच्या साध्या जुलाबांत धडधाकट मुलाला ते सहसा देत नाहीत. दिल्याने शौचातून जंतू उलट जास्त दिवस पडू शकतात. शिगेलाच्या रक्ती आवेत डॉक्टर ते देतात, पण तेवढ्यावरून घरी गेल्या वेळची उरलेली बाटली काढू नये.

जुलाब थांबल्यावरही जंतू काही आठवडे शौचातून जात राहतात. तेव्हा पाळणाघरात मेनूबरोबर हेही विचारा: डायपर बदलणाऱ्या मावशी आणि भरवणाऱ्या मावशी एकच आहेत का?