जेसी स्लीट आणि खिडकी नसलेल्या खोल्या

१९०० साली क्षयावर औषध नव्हतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जंतू शोधून दाखवला होता, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४३ उजाडावं लागलं. मधली साठ वर्षं विश्रांती, दूध, अंडी आणि मोकळी हवा हाच उपचार. मग अशा काळात रोग्याच्या घरी जाऊन नर्स करणार तरी काय?

पुष्कळ काही. जेसी स्लीट हे त्याचं उत्तम उदाहरण. शिकागोच्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलमध्ये शिकलेल्या या कृष्णवर्णीय परिचारिकेला न्यूयॉर्कमधल्या एका धर्मादाय संस्थेने ऑक्टोबर १९०० मध्ये कामावर घेतलं. तेही प्रयोग म्हणून, फक्त दोन महिन्यांसाठी! शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीत क्षयाने फार माणसं दगावत होती, आणि गोऱ्या नर्सला जी दारं सहज उघडत नव्हती ती हिला उघडतील, एवढीच संस्थेची अपेक्षा होती. मुदत संपल्यावर तिने अहवाल दिला: ४१ कुटुंबं, १५६ भेटी. त्यात क्षयाचे रोगी ९. बाकी न्यूमोनिया, घटसर्प, कांजिण्या, कर्करोग, संधिवात. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ती क्षय शोधायला गेली, पण घरात जे दुखणं समोर आलं त्याची शुश्रूषा तिने केली, आणि म्हणूनच लोक तिला पुन्हा आत घेत राहिले. तिची नेमणूक वाढत वाढत नऊ वर्षं टिकली.

तेव्हा अनेक डॉक्टर म्हणत की कृष्णवर्णीयांची प्रकृतीच क्षयाला बळी पडणारी. घराघरांत दिसत होतं ते वेगळंच. वर्णभेदामुळे मोजक्याच गल्ल्यांत घर मिळे, भाडं जबर, ते भरण्यासाठी पोटभाडेकरू ठेवायचे. एका कोंदट खोलीत चार-पाच जण झोपलेले, त्यांतला एक खोकणारा. मधल्या खोल्यांना कित्येकदा बाहेरची खिडकीच नसे. नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला खिडकी हवीच, असा कायदा १९०१ मध्ये झाला.

नर्स शिकवत ते असं: थुंकी झाकणाच्या भांड्यात धरा, रोग्याची भांडी वेगळी ठेवा, त्याला वेगळं झोपवा, खिडकी उघडा. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे वाळलेल्या थुंकीची धूळ हा मुख्य धोका होता. प्रत्यक्षात क्षय पसरतो तो खोकताना-बोलताना बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांतून. जमिनीवर पडण्याआधीच ते आटतात, काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण उरतात, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत पोचतात. बाल्टिमोरमध्ये १९५० च्या दशकात रायली आणि वेल्स या शास्त्रज्ञांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवली; नुसत्या हवेतून त्यांना क्षयाची लागण झाली आणि हे सिद्ध झालं. म्हणजे थुंकीबद्दलचं शास्त्र अर्धवट होतं, पण खिडकीचा आणि वेगळ्या अंथरुणाचा सल्ला अचूक होता.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्येच घरोघरी नर्स पाठवणाऱ्या, लिलियन वॉल्ड यांच्या हेन्री स्ट्रीट संस्थेत एलिझाबेथ टायलर ही कृष्णवर्णीय नर्स रुजू झाली. मॅनहॅटनच्या पश्चिमेकडची सान हुआन हिल ही कृष्णवर्णीय वस्ती हा तिचा भाग. आज तिथे लिंकन सेंटर हे संगीत-नाट्यगृहांचं संकुल आहे. सुरुवातीला कुणी बोलावीना, तेव्हा तिने इमारतींच्या रखवालदारांशी ओळख काढली. कुठल्या मजल्यावर कोण आजारी आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

औषधं आली आणि मोठमोठ्या क्षयरुग्णालयांची गरज आहे का, हा प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर मद्रासने दिलं. १९५६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत काही रोग्यांना रुग्णालयात ठेवलं, काहींना त्यांच्या गर्दीच्या गरीब घरातच वर्षभर गोळ्या दिल्या. घरचे रोगी जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागणही झाली नाही. तिथेही आरोग्यसेविका अचानक घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि औषध पोटात गेलं की नाही हे पाहायला लघवीचा नमुना घेऊन येत.