पाटील पाटलाचा कोण?

गिरगावातल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखालची नावांची पाटी वाचा. पेडणेकर, चिटणीस, पाटील, गोडबोले, मध्येच एखादे डिसूझा. दोन मजल्यांवर दोन पाटील असले, तर पोस्टमन सोडून कुणाचाच गोंधळ होत नाही, कारण त्यांचं एकमेकांशी नातं असेल असं कुणी गृहीतच धरत नाही. ही साधी गोष्ट आडनावांच्या विज्ञानाला मात्र फार अडचणीची आहे.

त्या विज्ञानाची सुरुवात इंग्लंडातली. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५ साली लग्नांच्या नोंदी चाळल्या. वधू-वरांचं आडनाव किती वेळा सारखं निघतं, यावरून सख्ख्या चुलत, आते-मामे, मावस भावंडांत मिळून किती लग्नं होतात याचा त्याने अंदाज बांधला. त्याचे स्वतःचे आईवडील आते-मामे भावंडं होते. तसली लग्नं आडनावावरून कळत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब त्याला वेगळा जोडावा लागला.

पुढे जनुकशास्त्र आलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आडनावही तसंच जात असेल, तर एका आडनावाच्या पुरुषांचं वाय सारखं निघायला हवं. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी केली आणि २००० साली निष्कर्ष छापला : जवळपास निम्म्यांचं वाय एकाच जातकुळीचं होतं, म्हणजे त्यांचा मूळपुरुष एकच असावा.

हाच प्रयोग मुंबईतले ४८ पाटील गोळा करून केला, तर? पाटील हे पद. गावोगाव एक पाटील, आणि आगरी, कोळी, मराठा अशा कितीतरी समाजांत पाटील. कुलकर्णी, देशमुख, देसाई यांचंही तेच. फारसीतल्या ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा या शब्दाने तर दफ्तरखान्यातलं प्रत्येक टेबल आडनावात आणून ठेवलं : चिठ्ठ्या लिहिणारे चिटणीस, खजिन्याचा हिशेब ठेवणारे पोतनीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारे पारसनीस, घडामोडींची नोंद करणारे वाकनीस. नाना फडणीसांचं घराणं मुळात भानू. पद मिळालं आणि भानू मागे पडलं. वंश तोच, आडनाव दुसरं.

पण मुंबईचं खरं आडनाव म्हणजे ‘कर’वालं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने हाक मारून उपयोग काय? तिथे सगळेच त्या गावचे. माणूस बोटीत बसून भाऊच्या धक्क्याला उतरला, गिरणीत चिकटला, लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीत पथारी टाकली, की मग ‘कुठला रे तू?’ या प्रश्नाला अर्थ येतो. कर हे गाव सोडल्याचं निशाण आहे, असं मला वाटतं. अर्थात सगळीच कर आडनावं मुंबईत तयार झालेली नाहीत, बरीच त्याआधीच्या स्थलांतरांतली आहेत.

आणि करला धर्म नाही. कोकणी मुसलमानांत कर आहेत. बेने इस्रायली ज्यूंमध्ये पेणकर, रोहेकर, किहीमकर आहेत. याच समाजातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. २०१६ साली या समाजाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे ठळकपणे सापडले. आडनावाने मात्र फक्त रायगडातलं गाव सांगितलं असतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. आंबेडकर आलं ते मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून. नाना शंकरशेट यांचं आडनाव मुरकुटे होतं हे त्यांच्या पुतळ्यावरून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. वडिलांचं नावच आडनावासारखं रूढ झालं. पारशांनी तर नावापुढे धंदाच लावला. जमशेटजी जीजीभॉय बाटल्यांच्या व्यापारामुळे बाटलीवाला म्हणून ओळखले जात, आणि १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजींच्या नावातलं वाडिया म्हणजे जहाज बांधणारा.

आडनावं मरतातही. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ साली याचं गणित मांडलं. दर पुरुषामागे सरासरी एकच मुलगा पुढे वंश चालवत असेल, तर कधी ना कधी प्रत्येक आडनाव बुडणारच. कुठल्या तरी पिढीत फक्त मुली होतात आणि साखळी तुटते. वॉटसनने उत्साहात हे वाढत्या लोकसंख्येलाही लावलं. ती चूक पुढच्या गणितज्ञांनी दुरुस्त केली. हेच समीकरण आज अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांच्या साखळीलाही वापरतात. आपल्याकडे पद, गाव, धंदा, टोपणनाव यांतून नवी आडनावं जन्मत राहिली, म्हणून बुडालेल्यांची उणीव भासली नाही. आता आधार, पॅन आणि शाळेचा दाखला यांनी आडनाव गोठवून टाकलंय. नव्यांची आवक आटली, तर ते गणित आपल्यालाही हळूहळू लागू होईल.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात सरकारी नोंदींत आईचं नावही येतं : स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. जीवशास्त्रात आईचा असा स्वतंत्र धागा आहेच. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि लेकीकडून नातीकडे जातो. नव्या नावात मात्र आई एकाच पिढीपुरती टिकते. नातीच्या नावात आजीला जागा नाही, पणजोबांचं आडनाव मात्र तिथेच आहे.